बीड तेल ओकतं

तुटलेला भाग समोर ठेवला की मिस्त्री आधी त्याचा वास घ्यायचे. हात लावायच्या आधी, काय झालं ते विचारायच्या आधी. खाली वाकायचे, नाक थेट तड्याजवळ न्यायचे आणि तोंड वाकडं करून म्हणायचे, "लय प्यालंय. आधी ओकू दे."

मग भाग आणणाऱ्याकडे असं बघायचे, जणू त्यानंच त्या लोखंडाला बसवून पाजलं होतं.

बिडाचं लोखंड तुम्हीही पाहिलं असेल. जुन्या शिलाई मशीनचं पायडल, भातगिरणीचं धड, पॉवर टिलरच्या गिअरची पेटी, सगळं बिडाचं. दिसायला दणकट, पण आपटलं की तडकतं. आणि वर्षानुवर्षं तेलात राहिलं की आतपर्यंत तेल पितं. वरून कितीही पुसा, रॉकेलनं धुवा, वेल्डिंगची धग लागली की आतलं तेल वर येतं आणि जोडात बुडबुडे सोडून जातं. जोड दिसायला झकास, चार दिवसांत पुन्हा उघडा. हे मला मिस्त्रींनी शिकवलं. शिकवलं म्हणजे माझ्यावर ओरडून सांगितलं.

आमच्या महिला बचत गटाचा एक पॉवर टिलर आहे आणि एक मळणी यंत्र. दोन्ही सांभाळायचं काम माझ्याकडे, कारण बाकीच्या जणींना ग्रीसचा वास सहन होत नाही आणि मला त्यांच्या सबबी. गाव कामशेतपासून आत, डोंगराच्या पायथ्याला. मिस्त्रींचा गाळा गावाच्या तोंडाशी, ओढ्याच्या काठाला, ग्रामपंचायतीच्या जागेत. पत्र्याचं छप्पर, आत बाबासाहेबांचा फोटो, बाहेर अर्धं कापलेलं पिंप. ते पिंप म्हणजे भट्टी.

पहिल्यांदा गेले ती मळणी यंत्राच्या बेअरिंगचं घर घेऊन. तडा गेला होता आणि मी दुकानातून चिकट गोळा आणून तो स्वतःच बुजवला होता. मला वाटलं, शहाणपणा केला.

"ह्यो कुणी लिंपला?"

मी म्हटलं, मीच.

"पोतेरं चुलीला फिरवायचं, ताई. यंत्राला न्हाई."

सासरी बावीस वर्षं काढली, पण असं कुणी बोललं नव्हतं, हे मी त्यांना तिथल्या तिथे सुनावलं. ते छिन्नीनं गोळा खरवडत होते. मान वर न करता म्हणाले, "सासरची मान्सं बीड घिऊन आली नसतील तुमच्याकडं."

त्या दिवसापासून आमचं जमलं.

त्यांची पद्धत ठरलेली. तड्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं, म्हणजे तडा पुढे पळत नाही. मग तडा घासून उघडा करायचा. मग भट्टी. गोवऱ्या, लाकडाचे तुकडे, वर तो भाग, आणि वर पत्रा. थोड्या वेळानं तड्यातून काळं तेल घामासारखं वर यायचं, जळायचं आणि उग्र, निळसर धूर सुटायचा. पुसायचं, पुन्हा तापवायचं. असं तीनदा, चारदा, लागलं तर सहादा. शेवटी तड्यावर चुना ओढायचा. चुना पिवळा पडला तर अजून ओकायचंय. पांढरा राहिला तरच वेल्डिंगच्या कांडीला हात. तीही बोटाच्या पेराएवढीच ओढायची, सलग ओढली की बीड पुन्हा तडकतं; मग हातोडीनं हलके टोले द्यायचे, थांबायचं, पुन्हा पेराएवढी. झालं की गिरणीतून आणलेल्या तुसाच्या गरम राखेत पुरून ठेवायचं, दुसऱ्या दिवसापर्यंत. मधे कुणी राख उकरून बघितली तर मिस्त्री त्याला गाळ्याबाहेर काढायचे. आमच्या सरपंचांना एकदा काढलं होतं.

टिपलेलं तेल मात्र ते एका डब्यात साठवायचे. गोठ्याच्या मेढीला वाळवी लागली की लोक तो डबा मागून न्यायचे. ही गोष्ट लक्षात ठेवा. गावानं ठेवली नाही.

भट्टी पेटलेली असताना मिस्त्री पेपर वाचायचे, मोठ्यानं, समोर बसलेल्याला ऐकायचं असो नसो. छापलेल्यावर त्यांचा भारी विश्वास. त्याला कारण होतं. त्यांचे वडील कुणाच्या तरी मळ्यात राखणदार होते. मालक म्हणाला होता, "राहा इथेच जन्मभर." मालक गेला आणि महिन्याभरात त्याच्या पोरांनी या कुटुंबाचं सामान बांधावर ठेवलं. तोंडच्या शब्दाला साक्षीदार नव्हता. तेव्हापासून त्या घरात एकच शिकवण: लिहून घ्या. गाळ्याच्या जागेचा पंचायतीशी केलेला करारनामा मिस्त्रींनी प्लॅस्टिकमध्ये घालून बाबासाहेबांच्या फोटोखाली टांगला होता. कुणी बघितला की म्हणायचे, "बोलनं वाऱ्यावर जातं. ह्ये जात न्हाई."

मग ओढ्यापलीकडच्या टेकाडावर बंगले झाले. शनिवार-रविवारी माणसं यायची, गच्चीवर बसायची आणि त्यांना धूर यायचा. तक्रार आली. मिस्त्रींनी बिनबोभाट मान्य केलं, शनिवार-रविवार भट्टी बंद. सोमवार ते शुक्रवार त्या गच्च्यांवर कावळ्यांशिवाय कुणी नसतं. तोडगा चांगला होता. दोन वर्षं चालला.

तो मोडला माझ्यामुळे.

ऐन भातलावणीत आमच्या टिलरची गिअरची पेटी तडकली. बांधावरून उतरवताना दगडावर आदळली होती. गटातल्या अकरा जणींची चिखलणी राहिली होती आणि रोपं लावायला झाली होती. रोपाचं वय गेलं की ते फुटवे धरत नाही, मग वर्षभराचा भात अर्ध्यावर येतो. पेटी खोलून मी शनिवारी सकाळी गाळ्यावर नेली. मिस्त्रींनी वास घेतला आणि सोमवारी पेटवतो म्हणाले. मी म्हटलं, मग न ओकवता जोडा. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना दुधात पाणी घालायला सांगितलं होतं. मी हटले नाही. बोलू नये ते बोलले, की तुमच्या सोवळ्यापायी अकरा घरं उपाशी राहतील.

ते उठले आणि भट्टी पेटवली.

पेटी बारा वर्षांची, तेलात मुरलेली. सहा वेळा तापवावी लागली. तोवर पलीकडच्या बंगल्यांतून दोन माणसं मोबाइलवर शूटिंग करत ओढ्यापर्यंत येऊन गेली. रविवारी दुपारी मिस्त्रींनी पेटी राखेतून काढली, हातोडीनं वाजवली, आवाज एकसंध आला. आठवड्यात अकराही जणींची चिखलणी झाली. ती पेटी आजही चालते आहे. एक थेंब गळत नाही.

ग्रामपंचायतीच्या सभेत मिस्त्रींना बोलावलं. मी सदस्य आहे, मी तिथे होते. धुराबद्दल त्यांनी सरळ माफी मागितली आणि लिहून घ्या म्हणाले. "बीड त्याल पितं, सायेब. मी त्ये ओकवतो, मंग जोडतो. न ओकवता जोडलं तर ती फसवनूक हाय." कारकुनानं लिहून घेतलं. सरपंच म्हणाले, पुन्हा शनिवारी पेटवू नका. विषय संपला. मिस्त्री नमस्कार करून गेले.

दोन दिवसांनी शिपाई टाइप केलेलं इतिवृत्त घेऊन सह्यांसाठी थेट खाचरात आला. मी टिलरवर होते, कोपरापर्यंत चिखल. शिपाई म्हणाला, सगळ्यांच्या झाल्यात, तुमचीच राहिलीय. मी हात पदराला पुसला आणि सही केली. वाचलं नाही. बचत गटाच्या बायकांना मी गेली दहा वर्षं सांगते आहे, वाचल्याशिवाय सही करायची नाही.

त्यात लिहिलं होतं, "सदर इसम ओढ्यालगतच्या गाळ्यात यंत्रातील तेल ओततो, असे त्याने सभेत स्वतः कबूल केले."

ओकवतो नाही. ओततो.

धुराला समज पुरली असती. पण ओढ्याकाठी ओतलेलं तेल ओढ्यातच जाणार, आणि ओढा पुढे इंद्रायणीला मिळतो; ते प्रकरण वेगळं. बंगलेवाल्यांनी त्या कागदाची नक्कल घेतली आणि वर पाठवली. करार रद्द झाला, जागा पंधरा दिवसांत मोकळी करा, असा आदेश आला.

मिस्त्री आदेश घेऊन माझ्या घरी आले. ओसरीवर बसले नाहीत, चहा घेतला नाही. कागद पुढे धरला आणि एवढंच विचारलं, "ताई, तुमी व्हता ना तितं?"

मी होते. माझी सहीही होती, चिखलाच्या बोटासकट.

मी त्याच पावली पंचायतीत गेले. टाइप करणारा मुलगा निवांत होता. म्हणाला, मॅडम, तेल कुणी ओकतं का? कारकुनाची लिहिताना चूक झाली असेल म्हणून मी दुरुस्त केलं. त्याला वाटत होतं, मी आभार मानेन. मी सरपंचांना म्हटलं, सभा बोलवा, आपण सगळ्यांनी ऐकलंय, दुरुस्ती करू. या माणसाच्या भातगिरणीचं धड मिस्त्रींनी दोनदा जोडलं होतं. ते खुर्चीतच जरा मागे रेलले. "ताई, सही तुमचीच हाय की. आता वरचा आदेश झाला. कुटं त्या बंगल्यावाल्यांशी वाकडं घ्यायचं? आपल्याच बायका जातात ना तितं कामाला."

तिथे बसलेले दुसरे सदस्य टेबलावरचे कागद चाळू लागले. एकाचा पंप, एकाचं कडबाकुट्टी यंत्र, एकाचा टिलर. सगळ्यांचं बीड मिस्त्रींनी जोडलेलं.

मला जास्त राग कुणाचा आला, सांगते. माझ्याच गटातल्या बायकांचा. ज्यांची खाचरं त्या पेटीवर झाली, त्या पाणवठ्यावर म्हणू लागल्या, आपल्याला काय ठाऊक, ओततही असंल. मी विचारलं, तुझ्या गोठ्याच्या मेढीला काय लावलंस गं? तो डबा कुणाचा होता? तर म्हणे, आता जाऊ दे, झालं ते झालं. झालं ते झालं हे वाक्य नेहमी ज्याचं काही झालेलं नसतं तोच म्हणतो.

आणि राग मिस्त्रींचाही आला. ते भांडले नाहीत. तुसाच्या राखेत बोट घातलं म्हणून सरपंचाला हाकलणारा माणूस, स्वतःवर आलं तेव्हा गप्प. मी म्हटलं, चला वडगावला, तालुक्याला, वकील बघू. ते म्हणाले, "लिवलंय त्ये. लिवल्यावर काय बोलायचं?" जन्मभर ज्या कागदावर भरवसा ठेवला, त्याच्याशी कसं भांडायचं हे त्यांना येत नव्हतं. करारनामा त्यांनी प्लॅस्टिकमधून काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला. पत्रे उतरवले तेव्हा मी तिथे होते. पिंप भंगारवाल्यानं नेलं. ते लोणावळ्याला मुलीकडे राहायला गेले.

मी अर्ज केला. वडगावला तालुक्याच्या कचेरीत किती खेपा घातल्या ते मोजलं नाही. कारकुनाची हातानं लिहिलेली मूळ वही काढायला लावली, तीत "ओकवतो" स्पष्ट होतं. तरी सुनावणी, पुढची तारीख, साहेब दौऱ्यावर. एका साहेबांना बीड तेल कसं पितं हे मी टेबलावर पेन्सिलीनं काढून दाखवलं. भात कापून झाला, उन्हाळा आला, तेव्हा दुरुस्तीचं पत्र हातात पडलं. इतिवृत्तातील शब्द चुकीचा, सदर कारागिराविरुद्धचा निष्कर्ष रद्द. जागेबद्दल एक ओळ नाही. जागेवर तोवर बंगल्यांकडे जायच्या रस्त्याची कमान उभी राहिली होती.

पत्र घेऊन लोणावळ्याला गेले. मुलीनं पत्ता दिला, मिस्त्री एका ठेकेदाराकडे कामाला होते, एका हॉटेलच्या नव्या पोहण्याच्या तलावाला कठडा बसवत होते. नवं, कोरं, चकचकीत लोखंड. उकिडवे बसले होते. मला बघून उठले नाहीत, पण हातातली कांडी खाली ठेवली.

मी पत्र दिलं. त्यांनी पूर्ण वाचलं, शिक्क्यासकट. मग पुन्हा वरून वाचलं.

"आता बरोबर लिवलंय," म्हणाले.

मी म्हटलं, जागेसाठी वेगळा अर्ज करू, मी सोडणार नाही. गावात टिलर तडकले की लोक पुण्याला नेतात आणि चार दिवसांत उघडे पडलेले परत आणतात, हेही सांगितलं. मला वाटलं, निदान यावर चिडतील. शिव्या घालतील. मी त्याचसाठी आले होते असंही म्हणता येईल.

त्यांनी पत्र माझ्याकडे परत दिलं. "तुमच्याकडंच असू द्या, ताई. तुमाला लागंल."

ठेकेदाराच्या माणसानं लांबून हाक मारली. मिस्त्रींनी काळ्या काचेचा मुखवटा तोंडावर ओढला, आणि त्याच्या आतूनच म्हणाले, "तिकडं तोंड करा. डोळं जातील."

मी तोंड फिरवलं. समोर रिकामा निळा तलाव होता, अजून पाणी न सोडलेला. पाठीमागे कांडी तडतडत राहिली, सलग, लांब, मधे एकदाही न थांबता.