कृष्णीने ठेवून घेतलेला गणपती

माझी धाकटी जाऊ कृष्णाबाई फार बोलणारी नव्हे. लग्न होऊन धरमतर खाडीकाठच्या आमच्या घरात आली, ती मिठागरावर पाट्या वाहायची आणि घरी येऊन चुलीशी बसायची. तेरा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. पेणचे डॉक्टर झाले, अलिबागचे झाले, मुंबईच्या मोठ्या इस्पितळात दोनदा राहून आली. गोळ्या खाऊन अंग सुजलं, पण तक्रारीचा एक शब्द नाही. तिचा नवरा नाथा, म्हणजे माझा दीर, प्रत्येक खेपेला सोबत जायचा. तेवढं त्याचं कौतुक करायलाच हवं.

मधे दोनदा दिवस राहिले होते. दोन्ही वेळा आम्ही गावभर सांगून मोकळे झालो, आणि दोन्ही वेळा तिसरा महिना काही पार पडला नाही. मग विचारायला येणाऱ्या प्रत्येक बाईला कृष्णीने खाली मान घालून सांगायचं, "नाय राह्यला." विहिरीवर तेच, मिठागरावर तेच. मीही काही कमी नव्हते. माझ्या धाकट्या मुलीच्या बारशाला मी तिला पाळण्याच्या दोरीला हात लावू दिला नाही. कुणी शिकवलं नव्हतं, माझ्याच डोक्यातली घाण. ती मागच्या दारी जाऊन पंगतीची भांडी घासत बसली.

त्र्याऐंशी सालच्या गणपतीत तिला पुन्हा दिवस गेले होते, आणि ते एकट्या नाथाला ठाऊक होतं. पाचवा लागेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलेलं. पण ठरवताना दोघंही एक गोष्ट साफ विसरले. आमच्याकडे घरात गरोदर बाई असली की गणपती विसर्जन करत नाहीत. पोटात जीव असताना घरातला देव पाण्यात सोडायचा नाही, बाळंतपण होईपर्यंत तो घरातच राहतो. नाथाने दरवर्षीसारखी पेणहून मूर्ती आणली, पूजा झाली, मोदक झाले. दुसऱ्या दिवशी दुपारी निरोपाच्या पूजेचं ताट समोर आलं, तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात प्रकाश पडला.

बाहेर वाडीतले गणपती निघाले होते. भरती होती, ओहोटी लागायच्या आत खाडीवर पोचायचं होतं. माझे यजमान पुंडलिक अंगणातून ओरडले, "नाथा, आटप रे! पानी उतरंल."

"यंदा पाच दिस ठेवू," नाथा म्हणाला. "नवस हाय."

"कसला नवस?"

नाथाला खोटं बोलता येत नाही, कान लाल होतात. "बोललेला हाय एक," एवढंच तो पुटपुटला. माझं डोकं फिरलं. आणखी तीन दिवस नैवेद्य रांधायचा मी, आणि मला विचारायचंसुद्धा नाही! मी म्हटलं, "आपला देव दीड दिसाचा. कारन सांग, नायतर सरक बाजूला." शरम वाटते, पण मी असं बोलले खरी.

तेवढ्यात कृष्णी आतून आली. ओले हात पदराला पुसत देवासमोर उभी राहिली. दारात शेजारच्या बायका जमल्या होत्या, त्यांच्याकडे तिने सरळ पाहिलं.

"देव हालवू नका," ती म्हणाली. "मना दिवस गेलेत. तिसरा चाललाय."

नाथाचा चेहरा पडला. "कशाला गो बोललीस? नवसावर पाच दिस निभावले असते, मंग कायतरी सुचला असता. परत काय झाला तर दारोदार सांगत फिरशील?"

"फिरेन," ती म्हणाली. "मागल्या दोन येली तोंड लपवून बसले, जसा काय माझाच गुन्हा. आज पोटात हाय ना? मंग आज मी त्याची आय हाय. उद्याचा उद्या बघू."

पुंडलिकांनी डोक्यावरची टोपी काढून खुंटीला लावली आणि पूजेचं ताट आत नेऊन ठेवलं. बायका एकेक करून आत आल्या, देवाला हळदकुंकू वाहिलं, तिलाही लावलं आणि काही न विचारता गेल्या. जी बाई मला कधी उलटून बोलली नव्हती, ती आज सगळ्या गावासमोर उभी होती. मला रडूच फुटलं.

फाल्गुनात मुलगी झाली, सुखरूप. आता ती डोलवीच्या कंपनीत नोकरी करते आणि माझ्यावर डाफरते. पण ते सगळं पुढचं. त्या दिवशी संध्याकाळी पुढे काय होणार हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. कृष्णी भिंतीला टेकून बसली होती. तेरा वर्षांत पहिल्यांदाच तिने माझ्याकडे काही मागितलं.

"वैनी, पायात गोळे येतात गो. जरा तेल लावशील?"

थोरल्या जावेने धाकटीच्या पायाला हात लावायचा नसतो. मी तेलाची वाटी घेतली आणि तिचे पाय मांडीवर ओढून घेतले.