जीपचं लायसन आणि दुधाची किटली

१९९२ साल. मी अडतीस वर्षांचा होतो आणि कागलपर्यंत माणसं नेणारी वडापची जीप चालवायचो. आज गोठ्यातल्या जुन्या मोपेडच्या टाकीचं झाकण उघडलं, पेट्रोलातल्या ऑईलचा वास आला आणि ती सकाळ आठवली.

मोपेडला दुधाची किटली अडकवून मी डेअरीकडं निघालो होतो. नाक्यावर पोलिसानं हात केला. मी ऐटीत लायसन दिलं.

"पावणं, हे जीपचं हाय. ह्याच्यावर मोपेड चालत न्हाय."

"चार चाकं सांभाळतोय, मला दोन जमत न्हाईत व्हय?"

"कायदाच हाय की तसा. जावा आता ढकलत."

असला कायदा कोण करंल? तेवढ्यात शेजारचा रामू सायकलवरून हसत पुढं गेला. त्याचंही दूध त्याच डेअरीला. त्यानंच पोलिसाला फितवलं असणार. ढकलत पोचलो, तर डेअरीला कुलूप. सगळं दूध परत घरी.

आता सून म्हणते, "मामा, नियम खराच हाय." असंल. पण रामू का हसला, ते तिला सांगता येत न्हाय.

तेव्हा मात्र दुसऱ्याच दिवशी सकाळी मी रिकामी जीप काढली, पुढच्या सीटवर ती एकच किटली ठेवली आणि त्या पोलिसापुढं थांबून न मागता लायसन दाखवलं.