तेलाचं बोट आणि टेपचा पट्टा

आमच्या शेडच्या दाराची आतली बाजू पाहिलीत तर वाटेल, कुणीतरी नक्षीकाम केलंय. तसं काही नाही. मॉडेलवर चिकटवलेली टेप काढताना तिच्याबरोबर खालचा रंगही निघून आला, की अण्णाकाका तो तुकडा चिडून दारामागे चिकटवतात. एकेक करत दार भरलं. किस्स्यांचंही तसंच झालं. कुणी जमवले नाहीत, नुसते चिकटत गेले.

अण्णा म्हणजे माझे थोरले काका. पनवेलच्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्यांच्या हातच्या. पुढे त्यांना लाकडी मॉडेलं रंगवून देण्याचा नाद लागला. कुणाची भाताची गिरणी, कुणाची लाँच, कुणाची बस. गव्हाणचा हिराजी मिस्त्री लाकूड कोरतो, चित्रकलेचे निवृत्त शिक्षक सायमन मास्तर, बेने इस्रायल, म्हणजे आमच्याकडचे ज्यू, बारीक अक्षरं काढतात आणि एअरब्रश मी मारते. एअरब्रश म्हणजे पेनासारखी पिचकारी, हवेच्या जोरावर रंगाचा धुरळा उडवणारी. मुंबईच्या एका फोटो स्टुडिओतून जुनी आणलेली. ती चालवणारी मी एकटीच, कारण बाकीच्यांचे हात थरथरतात आणि ते कुणी कबूल करत नाही.

मी बी.एस्सी. होऊन आले तेव्हा अण्णांनी माझी कन्याशाळेतली नोकरी ठरवून टाकली होती. मला विचारायचं तेवढं राहून गेलं होतं. मी म्हटलं, मला एअरब्रशच चालवायचाय. बरीच आदळआपट होऊन शेवटी तह झाला. उरणच्या इब्राहिमशेठच्या लाँचचं मॉडेल बिनडागाचं गेलं तर ब्रश माझ्या हातात. नाहीतर जूनपासून खडू.

*

आधी गिरणीची गोष्ट सांगते, म्हणजे शेडमधल्या विद्वत्तेची कल्पना येईल.

राखाडी चिमणी, तिच्यावर पांढरे पट्टे. दोन रंगांमधली रेघ सरळ यावी म्हणून पहिल्या रंगावर टेप लावायची, दुसरा रंग मारायचा, टेप काढायची. अण्णांनी टेप काढली. टेपबरोबर राखाडी रंग आला, त्याच्यामागून अस्तर, म्हणजे लाकडावरचा पहिला हात, आलं आणि चिमणीचं लाकूड उघडं पडलं.

"लाकूड ओलं असणार," अण्णा म्हणाले.

"लाकूड वलं नाय," हिराजी म्हणाला. "रंगच कच्चा हाय."

"रंग उत्तम आहे. टेप भलतीच चिकट आहे," मास्तर म्हणाले.

"मॉडेलचं काय म्हणणं आहे, तेही घ्या विचारून," मी म्हणाले.

खरी गोष्ट अशी, की हिराजीने लाकूड काचेसारखं गुळगुळीत घासलं होतं. मालाला चकाकी पायजे, म्हणून. इतक्या गुळगुळीत लाकडाला अस्तर धरून कसं राहणार? शेवटचा हात खरखरीत पॉलिश पेपरचा हवा, असं मी सांगितलं.

अण्णा म्हणाले, "निमे, तुझ्या जन्माआधीपासून मी रंग लावतोय."

"हो, आणि तेव्हापासूनच तो निघतोय," मी म्हणाले.

त्या दिवशी मला दुपारचा चहा मिळाला नाही.

*

मास्तरांचं टेपबद्दलचं म्हणणं मात्र अगदीच चुकीचं नव्हतं. टेप मोटारींना रंग मारणाऱ्या गॅरेजातून यायची. मोटारीच्या पत्र्याला ती ठीक, आमच्या नाजूक रंगाला जाच. मी उपाय सांगितला. टेप आधी दुसऱ्या कशावर तरी लावायची, उचलायची, म्हणजे तिचा चिकटपणा थोडा मरतो. मग मॉडेलवर लावायची.

हे अण्णांना चक्क पटलं. मी काचेचा तुकडा आणायला घरात गेले. तेवढा वेळ थांबणं त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी टेप स्वतःच्या पोटरीवर लावली, उचलली आणि बसच्या मॉडेलवर चढवली.

बसचा पिवळा पट्टा सुंदर उतरला. रंग कुठेही निघाला नाही. फक्त पट्ट्याच्या कडेने सगळीकडे अण्णांचे पांढरे केस उभे होते.

मी डोक्याला हात लावला. गिऱ्हाईक आलं, बराच वेळ वाकून पाहत राहिलं आणि म्हणालं, "रस्त्याच्या कडेचं गवत फारच हुबेहूब केलंत."

अण्णांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी आयुष्यभर गवताच्या विरोधात होते.

*

रंग पुरता वाळू द्यावा, मगच टेप लावावी. हे कळायला बी.एस्सी. व्हावं लागत नाही. पण आमच्याकडे रंग वाळलाय का हे पाहायची पद्धत म्हणजे बोट लावून पाहणं. अण्णा जाता-येता बोट लावत. हिराजी त्यांच्यानंतर लावी, कारण त्याचा अण्णांच्या बोटावर विश्वास नव्हता. मग रंग पुन्हा मारायचा आणि पुन्हा बोटं.

एका मॉडेलवर तर ठसा इतका स्पष्ट उमटला, की मास्तर भिंग घेऊन बसले. "अण्णा," ते म्हणाले, "पोलिसात द्यायचं असेल तर आरोपी घरातलाच आहे."

याच्या उलटही प्रकार. टेप लावून रंग मारून झाला, की ती फार काळ ठेवायची नसते. उन्हाळ्यात तर नाहीच, गोंद वितळून बसतो. एकदा ऐन वैशाखात मी म्हटलं, आज टेप काढू. अण्णा म्हणाले, आज अमावस्या. उद्या म्हटलं, तर उद्या शनिवार. परवा ते लग्नाला गेले, वर शेडची किल्लीही घेऊन. परतल्यावर टेप काढायला घेतली तर कागद हातात आला आणि गोंद मॉडेलवरच राहिला.

"टेप खराब निघाली," अण्णा म्हणाले.

"अमावस्येने बाटली असेल," मी म्हणाले.

मास्तर हळूच म्हणाले, "आमच्यात शनिवारी काम नाही. तुमच्यात अमावस्येला नाही. या शेडमध्ये टेप तरी बिचारी कधी कामावर येणार?"

*

टेप ओढण्याच्या तऱ्हेवरून तर आमच्याकडे मारामारी व्हायची बाकी होती. अण्णा टेप सरळ वर खेचत, एका झटक्यात, जखमेवरची पट्टी काढावी तशी. त्यांच्या मते झटक्यात काढलं की रंगाला कळत नाही.

मी दाखवलं, की टेपचं टोक उलटं दुमडून तिच्याच पाठीवरून, मॉडेलला चिकटून, हळूहळू मागे न्यायची. म्हणजे ती रंगाला वर उचलत नाही.

अण्णा वाकून बघायला आले. मग म्हणाले, "टेप काढतेयस की नव्या सुनेला माहेराहून आणतेयस?"

"झटक्यात आणलेली सून टिकते का?" मी विचारलं.

काकू आतून म्हणाली, "विचार, विचार. मला कसं आणलं होतं तेही विचार."

त्यानंतर अण्णांनी झटका सोडला. पद्धत मात्र आपलीच आहे असं सगळ्यांना सांगायला लागले.

*

एवढं सगळं सुधारूनही इब्राहिमशेठच्या लाँचचं पहिलं मॉडेल फुकट गेलं. पांढरी लाँच, तिला लाल पट्टा. सगळीकडे टेप लोण्यासारखी निघाली आणि नाळेवर, म्हणजे लाँचच्या अगदी पुढच्या टोकाला, लाल रंग रुपयाएवढा उचलून आला.

शेठ भला माणूस. मोरा बंदरातून त्याच्या लाँचा सुटतात. मुंबईच्या नव्या कचेरीत मॉडेल ठेवायचं होतं. तो एवढंच म्हणाला, "अण्णा, मेहरबानी करून आणखी एकदा करा. पण याच्यापुढे माझ्याकडे सबुरी नाय. नाय जमलं तर मुंबईत बनवून घेईन."

अण्णा माझ्याकडे वळले. "ऐकलंस? शाळेचे हेडमास्तरही थांबलेत."

मी दाराशी गेले आणि फसलेल्या टेपा एकेक करून पाहिल्या. लाँच फसली ती नाळेवर. त्याआधीची एक बस फसली होती ती बॉनेटवर. एका देवळाचा रंग उंबऱ्याशी उचलला होता. दरवेळी दर्शनी भाग, दरवेळी बोटभर जागा.

बोटभर! तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पहिला रंग वाळला की अण्णा आंघोळ करून येत आणि मॉडेलच्या दर्शनी भागावर तेलात कालवलेल्या कुंकवाचं बोट टेकवत. नवी होडी पाण्यात सोडताना करतात तसं. मग खांद्यावरच्या पंच्याने ते पुसत. म्हणजे कुंकू जाई आणि तेल पसरे. वर लाल रंग, खाली पांढरा, आणि मध्ये अण्णांचा आशीर्वाद.

मी सांगितलं, "तेल लावू नका. लावायचंच असेल तर मग ती जागा कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावून पुसून काढा. मी सगळं मॉडेल तसंच पुसते."

"कुंकू स्पिरिटने पुसू?" अण्णांचा आवाज चढला. "शेड आहे की दवाखाना? माझ्या बापाने पहिल्या पाटीला तेलाचं बोट लावलं होतं. ती पाटी अजून बाजारात आहे."

"त्या पाटीवर टेप लावली होती का?"

"हिराजी, हिला सांग काहीतरी."

हिराजी म्हणाला, "आमी होडीला तेल लावतो. पण आमी होडीला टेप नाय लावत." आणि आम्हा दोघांनाही तो आपल्याच बाजूने बोललाय असं वाटलं.

*

दुसरी लाँच तयार झाली. मी सरळ लबाडी करायची ठरवलं. पहिली फसलेली लाँच घासून, पुन्हा पांढरी करून ठेवली होतीच. दोघी शेजारी ठेवल्या तर आईलाही ओळखू येऊ नयेत. खरी लाँच मी आंब्याच्या पेटीखाली झाकली आणि जुनी टेबलावर ठेवली. अण्णा येऊ देत, हवं तेवढं तेल लावू देत.

सकाळी अण्णा आंघोळ करून, हातात तेलाची वाटी घेऊन शेडमध्ये गेले. दार लावून घेतलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले. "झालं," म्हणाले. "दृष्ट लागू नये म्हणून वर पंचा घातलाय. रंग मारायच्या वेळेलाच काढ." आणि बाजारात निघून गेले.

मी ती लाँच पंच्यासकट उचलून फळीवर सारली. खरी बाहेर काढली, स्पिरिटने पुसली, काचेवर मारून घेतलेली टेप लावली आणि लाल रंगाचे पातळ हात दिले. एकदम जाड नाही, म्हणजे कडेला थर साचत नाही.

दुसऱ्या दिवशी शेठ आला. मास्तर होते, हिराजी होता, काकू दारात होती. अण्णा म्हणाले, "निमे, तूच काढ."

मी टोक दुमडलं. नाळेपाशी आले तेव्हा हिराजीने श्वास रोखलेला मला ऐकू आला. टेप आली. एकटीच आली. पांढऱ्यावर लाल रेघ अशी उभी होती, की मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

शेठ म्हणाला, "माशाल्ला."

अण्णांनी छाती पुढे काढली. "शेठ, ही पोरगी म्हणत होती, तेल लावू नका. मी म्हटलं, माझ्या हयातीत असं होणार नाही. लावलं बोट. बघा आता. आशीर्वाद असल्यावर टेपची काय छाती आहे?"

मी ओठ चावून उभी राहिले. कारण लगेच ते काकूला म्हणाले, "आणि हो, हेडमास्तरांना निरोप पाठव. दुसरी मास्तरीण बघा म्हणावं. ही इथे कामात आहे."

सगळे शेठला पोचवायला स्टँडवर गेले. मी फळीवरची जुनी लाँच खाली घेतली. तेलाचा डाग अण्णांना दाखवायचा, आज नाही तर पुढे कधीतरी, पण दाखवायचाच, असं मनात होतं. मी पंचा काढला.

नाळ पांढरीशुभ्र होती. बोट फिरवलं, तेलाचा अंशही नाही. आणि लाँचच्या केबिनमध्ये, आत खोलवर कोंबलेला, कुंकवाने लाल झालेला कापसाचा एक बोळा होता.