उजव्या हातावरची पट्टी

हे आजवर माझ्या तोंडून कोणी ऐकलेले नाही—पत्नीने नाही, आणि ज्यांनी सर्वांत आधी ऐकायला हवे होते त्यांनी तर नाहीच. आपली माझी ओळख नाही, म्हणूनच कदाचित धीर होतो आहे. तो शेवटपर्यंत टिकेल का, ठाऊक नाही.

जुन्या मोटारींच्या इंजिनांत हात घालणाऱ्याचे हात कधी पूर्ण बरे नसतात. पाना निसटला की बोटांची सालपटे निघतात. सायलेन्सरचा चटका बसतो. रेडिएटरचा पत्रा केव्हा कापून गेला, ते रक्त दिसल्यावरच कळते. येरवड्याला वसंतरावांच्या पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तिघे रविवारी जमत असू—वसंतराव, मोघे आणि मी—आणि तिथे या जखमांना मान होता. स्वच्छ हातांनी परतणाऱ्याला मोघे विचारीत, "आज नुसतं दर्शन का?"

माझ्याही हातांवर असे व्रण आहेत. ते खरे आहेत. एक मात्र—नाही, आधी गाडीविषयी सांगितले पाहिजे.

ती वसंतरावांच्या वडिलांची. स्वातंत्र्याच्याही आधीची, पुढून हँडल मारून सुरू होणारी. स्टिअरिंगच्या खालच्या अंगाला एक लहान दांडी होती. इंजिनातली ठिणगी लवकर पडावी की उशिरा, हे तिच्यावर ठरे. हँडल मारण्यापूर्वी ती मागे ओढायचीच. पुढे राहिली, तर ठिणगी वेळेआधी पडते आणि इंजिन हँडल उलटे फेकते—मनगट, अंगठा, जे सापडेल त्यासकट. म्हणून वडिलांचा एक दंडक वसंतराव पाळीत: इंजिन खोलून जोडल्यावर ज्याने ठिणगीची वेळ लावली, त्यानेच पहिले हँडल मारायचे. आपली चूक दुसऱ्याच्या हातावर तपासायची नाही.

त्या खेपेस ठिणगीची वेळ मी लावली होती.

आणि मी भीत होतो. पूर्वी एकदा मोघ्यांच्या हातून हँडल उलटे सुटताना मी पाहिले होते. त्यांना काही झाले नाही. पण लोखंड हवेतून गेल्याचा तो सपकारा माझ्या कानात घर करून राहिला. तो आठवडाभर जेवताना, कचेरीत सह्या करताना, मी माझ्या उजव्या हाताकडे पाहत होतो. दोन मुलांच्या बापाने एका लोखंडी दांड्याला इतके भ्यावे? भ्यालो होतो, हे खरे.

रविवारी सकाळी, कर्वेनगरच्या घरी, न्हाणीघराची कडी लावून मी तळव्यावर पट्टी बांधली. तळवा कुठेही कापलेला नव्हता. वरून आयोडीनचा डाग पाडला. तो खरा वाटेना, म्हणून आणखी पाडला.

नारळ खवताना विळी लागली, असे शेडमध्ये सांगितले. "श्रीधरपंत," मोघे म्हणाले, "इंजिनापेक्षा वहिनींची विळी जहाल निघाली म्हणायची." वसंतरावांनी माझा हात आपल्या हातात घेतला. हे आता पट्टी सोडून पाहणार, असे मला वाटले. "ओली करू नका," एवढेच ते म्हणाले, आणि वडिलांचा दंडक मोडून हँडल त्यांनी स्वतः घेतले.

एवढेच? असे आपण म्हणाल. मीही अनेक वर्षे स्वतःला एवढेच सांगत आलो—भित्रेपणा, दुसरे काय. पण ते एवढेच नाही.

मी गाडीत बसलो होतो. जोडणी तपासताना ती दांडी मी कितीदा तरी मागेपुढे केली होती. शेवटी कुठे सोडली, आठवत नव्हते. पुढून वसंतरावांनी विचारले, "दांडी मागे आहे ना?"

पाहायला किती वेळ लागला असता? जरा वाकायचे होते. पण मोघे शेजारीच उभे होते. विचारल्यावर वाकणे म्हणजे आधी पाहिले नव्हते, हे उघड करणे. आधीच एक खोटे हातावर बांधलेले—त्यात आणखी नामुष्की नको होती.

"हो," मी म्हणालो.

हँडल उलटे आले. वसंतराव अंगठा मुठीत धरून खाली बसले. मोघे त्यांच्याकडे धावले, आणि मग मी वाकलो. दांडी पूर्ण पुढे होती.

मी ती मागे ओढली. हळूच, आवाज होऊ न देता—त्या पट्टीच्या हाताने. माझा गुन्हा तो आहे. भीतीने माणूस पळतो. मी तर पुरावा हलवला.

थोड्या वेळाने मोघ्यांनी येऊन पाहिले. "दांडी तर मागेच आहे," ते म्हणाले. वसंतराव मग म्हणाले, "मग मीच अर्ध्यावर कच खाल्ली. अंगठाही बोटांबरोबर बाहेर न ठेवता हँडलभोवती गुंडाळला असणार."

हाडाला बारीक तडा गेला होता. डॉक्टरांच्या मते किरकोळ. प्लास्टर निघाले, अंगठा वळू लागला. पण वसंतरावांचा स्वतःच्या हातावरचा विश्वास परत आला नाही. ते पाना उचलत, थांबत, आणि मोघ्यांच्या हाती देत. ज्याचा हात दगा देतो, त्याने अशी गाडी ठेवू नये, असे म्हणून त्यांनी वडिलांची गाडी विकायला काढली. त्यांच्या दिवाणखान्यात चहा घेत मी ते ऐकले. एका वाक्याने गाडी राहिली असती. मी उरलेला चहा संपवून कपबशी खाली ठेवली.

खराडीचे एक गृहस्थ गाडी न्यायला आले. "पंत, आज तुम्ही मारा हँडल," वसंतराव म्हणाले. मी दांडी पाहिली. पुन्हा पाहिली. अंगठा बाहेर ठेवला आणि ओढले. इंजिन पहिल्याच ओढीला सुरू झाले, अगदी शांतपणे.

वसंतरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बघा. वेळ तुम्ही अचूक लावली होती. हात माझाच गेला."

गाडी अजून फाटकाच्या आत होती. तेव्हाही बोलता आले असते. मी बाजूला झालो—गाडीला वाट देण्यासाठी.