अप्पांचा ओळंबा

"'अंदाजे' हा शब्द माझ्या टेबलावर आणायचा नाही," असं अप्पांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. जर्मनीत कार्ल्सरूहेच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत ते तपासणी विभाग सांभाळत आणि मी त्यांच्या हाताखाली होतो. अकरा वर्षं त्यांनी माझी ड्रॉइंग्ज लाल पेनने रंगवली.

निवृत्तीनंतर साताऱ्याच्या या माणसाने शिकारीचा परवाना काढायचं ठरवलं तेव्हा सगळे हसले. काकू म्हणाल्या, "घरात अंडं शिजलं नाही कधी, आता रानडुक्कर येणार." पण यागडशाइनची, म्हणजे त्या परवान्याची, अवघड परीक्षा अप्पा जर्मनमधून पहिल्या झटक्यात पास झाले. बंदूक कपाटातून बाहेर काढली की ती रिकामी आहे ना हे बघून आधी तिचा बोल्ट काढायचा, टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ठेवायचा आणि म्हणायचं, "आता ही नुसती काठी."

मग एका शरदात त्यांचा नेम चुकू लागला. बंदुकीवरची दुर्बीण धरून ठेवणाऱ्या रिंगाच सैल असणार, असं म्हणून त्यांनी नव्या मागवल्या. मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहत होतो; शनिवारी दुपारी त्यांनी मला वर बोलावलं. जेवणाच्या टेबलावर टॉवेल, त्यावर बंदूक. एकेक स्क्रू आलटून पालटून पाव-पाव फेरा आवळत त्यांनी दुर्बीण बसवली. अंगणापलीकडच्या भिंतीवर ओळंबा टांगला होता. दुर्बिणीतली उभी रेघ त्याच्या दोऱ्याशी जुळली की काम झालं.

त्यांनी बघितलं. सगळे स्क्रू सैल केले, पुन्हा आवळले. तिसऱ्या वेळी त्यांच्या मानेवर घाम होता.

"दोरा मध्येच वाकतोय. तू बघ."

मी डोळा लावला. दोरा सरळ होता. रेघही सरळ होती.

"वाकतोय ना?"

त्या आवाजात विनवणी होती. ती मी कधी ऐकली नव्हती, मला सहन झाली नाही.

"हो अप्पा, जरासा. रिंगच खराब असेल."

काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आधी त्या दोऱ्याकडे आणि मग माझ्याकडे बघितलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" अप्पा खुलले. "असू दे. उद्या अंदाजाने सावरून घेईन."

तो शब्द त्यांनी स्वतः वापरलेला मी पहिल्यांदाच ऐकला. तरीही मी जिना उतरून घरी आलो.

सोमवारी सकाळी त्यांनीच सांगितलं. "काल तिन्हीसांजेला मचाणावर होतो. मक्याच्या कडेला काळं काहीतरी हललं. डुक्करच. बोट घोड्यावर होतं माझं. आणि ते डुक्कर खोकलं. अळंबी वेचणारी बाई होती रे. मला हसून गुटन आबंड म्हणाली आणि गेली."

डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, सरळ रेघ वाकडी दिसते ती त्यामुळेच, असं डॉक्टर म्हणाले. अप्पांनी स्वतः जाऊन बंदूक आणि परवाना दोन्ही परत केले. जिन्यात भेटले तेव्हा एवढंच विचारलं, "तुला तो दोरा सरळ दिसला होता?"

"हो."

"बरं," म्हणाले आणि कठडा धरून वर गेले.

आता ते गार्चिंगला मुलीकडे असतात. मागच्या महिन्यात मी भेटायला गेलो. समोरचं काही दिसत नाही, कडेचं तेवढं दिसतं, असं काकूंनी दारातच सांगितलं. मी जवळ जाऊन बसलो. "ये रे," अप्पा म्हणाले, आणि मी त्यांना दिसावा म्हणून त्यांनी माझ्यापासून तोंड फिरवलं.