मशीनच्या रिपोर्टावर सही कोणाची?

मशीनशी माझं भांडण नाही, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर लोक म्हणतील, म्हातारं नव्या जमान्याच्या नावानं बोटं मोडून राहिलं. अग्निशमन दलात तीस वर्षं काढली मी. नोकरीच्या शेवटच्या वर्षी आमच्या स्टेशनात एक चाकांचं यंत्र दाखवायला आणलं होतं. दूर उभं राहून रिमोटनं चालवायचं, अन् ते धुरात शिरून पाणी मारायचं. ज्या धुरात आम्ही नाकाला ओला रुमाल बांधून, छाती जमिनीला घासत रांगलो, तिथं ते बिनधास्त आत गेलं. मी त्याला हात जोडले. खरंच जोडले. पाहायला आलेले साहेब हसले. ज्यानं धूर खाल्ला नाही तो हसणारच.

माझं भांडण झालं ते मशीनच्या रिपोर्टाशी, अन् त्या रिपोर्टामागं लपून बसणाऱ्या माणसांशी.

रिटायर झाल्यावर चार महिने घरी बसलो. बायको वैतागली. "अवो, तुमी दिवसभर गॅसचं बटन तपासत बसता, मले सैपाक करू देत नाही. कुठी तरी कामाले लागा." लागलो. गांधीबागेच्या बाजारात कापडाचं एक जुनं गोदाम एका कंपनीनं घेतलं होतं अन् आत चक्क शेती मांडली होती. माती नाही, ऊन नाही, बैल तर सोडाच. खालपासून छतापर्यंत लोखंडी रॅक, रॅकवर ट्रे, ट्रेमध्ये पाणी, अन् पाण्यात मुळं सोडलेली सलाडची पानं. वरून जांभळे दिवे. बाहेर मे महिन्याचं ऊन डांबर वितळवायचं अन् आत चिखलदऱ्यासारखं गार. पाणी किती, खत किती, दिवे कधी, सारं कॉम्प्युटर ठरवायचा. आगीचंही तोच पाहायचा: छताला सेन्सर, धूर दिसला की भोंगा. मी रोज तिथं हजर राहायचं, अन् महिन्यातून एकदा सगळं तपासून रिपोर्ट द्यायचा, एवढं माझं काम.

ट्रेवर सहा बाया होत्या. त्यांतली एक काटोलहून रोज बसनं यायची. घरी संत्र्याची बाग, वय चाळिशीच्या पुढं, अन् जीभ फटकळ. पहिल्याच दिवशी मला म्हणाली, "भाऊ, तुमी नुसते खुर्चीवर बसून राहता का इथं?" मला राग आला. मग कळलं, ती सगळ्यांशीच अशी बोलते, मॅनेजरशीही. पान तोडून नाकाशी धरायची अन् सांगायची, याले खत जास्त झालं. दोन दिवसांनी कॉम्प्युटर तेच सांगायचा.

एका दुपारी जेवणं आटोपल्यावर ती ओरडली, "भाऊ, जळका वास येऊन राहिला!" मी खुर्चीतून उठेपर्यंत तिनं धावत जाऊन मेन स्विच खाली ओढला होता. दिवे गेले, पंप थांबले, एसी थांबला. बाकीच्या बायांना तिनं बाहेर पिटाळलं अन् मोबाइलच्या उजेडात मला भिंतीकडच्या शेवटच्या रॅकशी नेलं. मागचं झाकण खोललं, तर वायरचा जोड वितळून काळा झालेला अन् कडेला निखाऱ्याएवढी लाल आग. भिंतीला सगळे फोमचे पत्रे. फोम पेटला की त्याचा धूर दोन-चार श्वासांत माणसाला आडवा करतो, हे मला कोणी शिकवायला नको. लाइन बंद होती, म्हणून ओल्या पोत्यानं ती आग दाबता आली. दोन मिनिटांचं काम. सगळ्या बाया धडधाकट बाहेर.

सेन्सर काहून गप्प बसला? झाडांवर धुक्यासारखं पाणी उडवणारे फवारे होते. ते सुरू झाले की सेन्सरला धूरच वाटायचा अन् भोंगा बोंबलायचा. रोजची कटकट नको म्हणून कंपनीनं त्याला सांगून ठेवलं होतं, फवारा चालू आहे तोवर लक्ष देऊ नको. आग लागली तेव्हा नेमका फवारा चालू होता.

पण स्विच ओढल्यावर सगळं परत सुरू करायला बाहेरून तंत्रज्ञ यावा लागला. त्याला यायला संध्याकाळ झाली, अन् तोवर गोदामातल्या साऱ्या पानांनी माना टाकल्या. त्यानं वायर बदलली अन् जळकी वायर कचऱ्यात फेकली. फोटो काढावा, हे ना मला सुचलं ना तिला. दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरचा रिपोर्ट आला: धूर नाही, तापमान ठीक, कर्मचाऱ्यानं विनाकारण वीज बंद केली, पीक नष्ट. मॅनेजरनं तिला सांगितलं, चौकशी होईपर्यंत येऊ नका, अन् नंतरचं काही सांगता येत नाही.

ती रडली-बिडली नाही. गोदामाच्या पायरीवर मला म्हणाली, "काम गेलं तर जाऊ द्या, भाऊ. पण गावात काय सांगू? उभं पीक मारलं म्हणून काढलं? आमच्या घरी कोणी पिकावर हात उचलला नाही आजवर. माह्या नावावर हे राहू देणार नाही मी."

त्याच दिवशी घरी बसून मी दोन पानं हातानं लिहिली. वास कोणाला आला, स्विच कोणी ओढला, झाकणामागं काय दिसलं, मी किती घाबरलो, सगळं. खाली सही केली अन् मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवली.

आठवड्यानं चौकशीला बोलावलं. खोलीत मॅनेजर, ती, मी, अन् कॉम्प्युटरच्या पडद्यावर दूर कुठल्या शहरातले एक तज्ज्ञ. लिखाण तपासून ते कोणाचं आहे हे ओळखायचं, हा त्यांचा अभ्यास. माणूस सभ्य होता. म्हणाला, "तुमचे जुने सगळे मासिक रिपोर्ट अन् हा जबाब आम्ही सॉफ्टवेअरला दिला. वाक्यांची लांबी, शब्दांची निवड, काहीच जुळत नाही. दोन्हींचा लेखक एक नाही. जबाब दुसऱ्या कोणी किंवा एखाद्या मशीननं लिहिलेला असावा, तुम्ही फक्त उतरवून सही केली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "म्हणजे मी खोटारडा?"

"तसं नाही म्हणत. पण रिपोर्ट कोणी असा लिहीत नाही. यात तुम्ही घाबरलात, असंही लिहिलंय."

"घाबरलोच होतो, तर काय लिहू?"

मग मॅनेजरनं हळूच दुसरा कागद पुढं सरकवला. आगीच्या आठच दिवस आधीचा माझा मासिक रिपोर्ट. त्यात माझ्याच अक्षरात होतं: "सदर ठिकाणी पाहणी केली असता संपूर्ण वायरिंग सुस्थितीत आढळून आले." म्हणाला, "वायरिंग सुस्थितीत होतं, हे तुम्हीच लिहिलंय ना? मग आठ दिवसांत आग कुठून आली?"

ती माझ्याकडे पाहत होती. मी खाली पाहिलं.

खरं काय होतं ते सांगतो. मी नोकरीला लागलो तेव्हा स्टेशनच्या टेबलावर काचेखाली एक कागद ठेवलेला होता. कोणीतरी जुन्या साहेबानं कधीकाळी लिहिलेला नमुना. "वर्दी मिळताच सदर ठिकाणी पोहोचून पाहणी केली असता..." आगीची वर्दी कुठलीही असो, महालच्या पेठेतलं दुकान असो की शेतातली गंजी, आम्ही सारे तोच कागद उतरवायचो, फक्त पत्ता अन् वेळ बदलायचो. सगळ्यांचं एकच. कोर्टात वकील शब्दात पकडू शकत नाही, असं सिनियर सांगायचे. तीस वर्षांत हाताला तेच वळण लागलं. या गोदामातही मी दर महिन्याला दारातून एक चक्कर मारायचो अन् "सुस्थितीत आढळून आले" लिहून मोकळा व्हायचो. त्या शेवटच्या रॅकच्या मागं मी एकदाही पाहिलं नव्हतं.

हे कबूल केलं तर माझं नाक कापलं जाणार होतं. न केलं तर तिचं नाव जाणार होतं. दोन-तीन मिनिटं तरी मी हाच हिशोब करत बसलो असेन, अन् त्या मिनिटांची मला आजही लाज वाटते.

मग बोललो. "साहेब, तुमचं सॉफ्टवेअर बरोबर सांगून राहिलं. दोन्हींचा लेखक एक नाही. पण माझा आहे तो हा जबाब. ते मासिक रिपोर्ट माझे नाहीत, ते एका जुन्या कागदाचे आहेत. विश्वास नाही? थांबा."

महालात राहणाऱ्या, दलातल्या माझ्या जुन्या सोबत्याला फोन लावला. तोही रिटायर होऊन एका मोठ्या दुकानात असंच काम करतो. म्हटलं, तुझ्या मागच्या महिन्याच्या रिपोर्टाचा फोटो पाठव, लगेच. त्यानं पाठवला. तो तज्ज्ञांना पुढं पाठवला. त्यांनी सॉफ्टवेअरमध्ये टाकला, पडद्यावर वाकून पाहिलं, पुन्हा टाकला. मग खाकरून म्हणाले, "हा रिपोर्टही तुमचाच दिसतो."

"बाप्पा! मी तर त्या दुकानात कधी पाऊलही ठेवलं नाही."

बाई खो खो हसली. तज्ज्ञ माणूस मनाचा मोकळा निघाला, म्हणाला, "माझा निष्कर्ष मी मागे घेतो." मॅनेजर मात्र हटायला तयार नाही. "ते असू द्या. पण सिस्टीमचा रिपोर्ट तर स्पष्ट आहे. धूर नव्हता."

आता मला थांबवणं कठीण होतं. "कोणी लिहिला तो?"

"सिस्टीमनं."

"सिस्टीमनं पाहिलं का? फवारा चालू असताना तिचे डोळे बांधून ठेवले होते तुम्ही. बरं, खाली सही कोणाची?"

"सिस्टीमच्या रिपोर्टावर सही नसते."

"आमच्याकडे बिनसहीचा कागद कोणी हातात घेत नाही. खोटा निघाला तर मान कोणाची धरायची? या बाईचं नाव ज्या कागदावर काळं केलं, त्यावर तुम्ही सही करा. लिहा की धूर नव्हता, हे मी स्वतः पाहिलं. हा घ्या पेन."

त्यानं पेन घेतला नाही. पडद्यावरच्या माणसाकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली, म्हणाले, "मीही करणार नाही. मी तिथं नव्हतो."

मॅनेजरनं सिस्टीमचा रिपोर्ट टेबलावर पालथा घातला. शेवटी मॅनेजर म्हणाला, "ठीक आहे, ताई. सोमवारपासून या कामावर. अन् काका, तुमच्या रिपोर्टांचं जे कळलं, त्यानंतर आम्हाला दुसरा माणूस पाहावा लागेल." मी म्हटलं, पाहा. खरं सांगतो, त्या घडीला मला काहीच वाटलं नाही. आम्ही जिंकलो होतो, अन् मी उठायच्या तयारीत होतो.

बाई उठली नाही. म्हणाली, "नुसतं या म्हणून भागत नाही. चूक आमची होती, असं लिहून द्या मले."

मॅनेजर लॅपटॉपकडे वळला, तशी बाई म्हणाली, "तसं नाही. हातानं लिहा. अन् मराठीत लिहा, मले घरी वाचून दाखवायचं आहे."

त्यानं लिहिलं. चार ओळी, त्यात दहा खाडाखोडी. "बाईंना जळका वास आला. त्यांनी वीज बंद केली म्हणून आग वाढली नाही. पीक गेलं ही त्यांची चूक नाही." खाली पूर्ण नाव, सही, तारीख. तिनं एकेक शब्दावर बोट ठेवत मोठ्यानं वाचलं अन् कागदाची घडी घातली. मग तो पेन उचलून माझ्यापुढं धरला.

"आता तुमी, भाऊ."

"मी? मी काय लिहू? मी तर तुमच्याच बाजूनं..."

"हव ना. लय भांडले तुमी माह्यासाठी, ते मी विसरणार नाही. पण आमी सहा जणी रोज त्या रॅकपाशी उभ्या राहत होतो. तुमी ते पाहिलं, असं दर महिन्याले लिहून देत होते."

मी पेन घेतला अन् लिहिलं, "त्या रॅकच्या मागं मी पाहिलं नव्हतं." सही केली. तिनं तेही मोठ्यानं वाचलं, मॅनेजरच्या कागदासोबत डब्याच्या पिशवीत ठेवलं, अन् काटोलची बस सुटायच्या आत निघून गेली.