पाणी न लागलेला गड्डा

समुद्र गावात शिरून माघारी गेला त्याला बरीच वर्षं झाली, पण आमच्या जपानातल्या इसोहारा गावाच्या खालच्या रानातलं मीठ काही हटलं नाही. किनुए ओनोदेराचं रान नेमकं तिथलंच. नवरा आधीच वारलेला. मुळा लावला तर पिवळा पडायचा, कोबी गड्डाच धरायचा नाही. मग गावातल्या बंद पडलेल्या रेडिओच्या कारखान्यात कुणीतरी छताला टेकतील अशा मांडण्या ठोकल्या, गुलाबी दिवे लावले आणि मातीबिगर, नुसत्या पाण्यावर लेट्यूस घ्यायला लागले. आम्ही सगळे पोट धरून हसलो. किनुए मात्र पहिल्याच दिवशी कामाला हजर.

"काय गं, पांढरी कापडं घालून दवाखान्यात भाजी पिकवतीस म्हणं?" बाया टोचायच्या.

"व्हय. पर तुमच्या कोबीवानी तिला अळ्या न्हाईत."

बघता बघता एका दालनाची तीन झाली. सेन्दाई शहरातल्या दुकानांत माल जायला लागला, परदेशातली माणसं गाड्या भरून बघायला यायला लागली. पानाच्या कडा करपल्या की वारा किती सोडायचा, हे नव्या पोरींना शिकवायला किनुएच उभी. आता आमच्याकडं कुणी हसत नाही.

तिच्या मनात एकच गोष्ट अडून बसली होती. सुगीच्या सणाला प्रत्येक घर आपल्या हातचं पीक देवळात ठेवतं. समुद्र आल्यापासून ओनोदेरांचं ताट रिकामं जायचं. त्या ताटात तिला आपला लेट्यूसचा गड्डा ठेवायचा होता. पण देवापुढं ताटं लावायचा मान तिच्या थोरल्या दिराचा, तोकुजीचा.

"सूर्य न बघितलेली भाजी देवाम्होरं?" तोकुजी गुरगुरला. "बरं, एक डाव चालवून घिऊ. देवळाच्या वढ्यात धुवून आण. समदेच धुत्यात."

"धुणार न्हाई, भावजी."

"का? पाण्यात बुडंल व्हय?"

"आमचा माल न धुताच खायाचा असतुया. वढ्याचं पाणी लागलं की बाटला."

देवळाच्या ओढ्यानं बाटला! तोकुजी आधी लाल झाला, मग जांभळा.

"मग ऱ्हाऊ दे ताट रिकामं!"

"ऱ्हाऊ दे. पर आधी येकदा बघून जावा. बघून न्हाई म्हणा, परत तोंड उघडायची न्हाई मी."

तोकुजी रानातनं तसाच आला, गुडघ्यापर्यंत चिखल. किनुएनं दारातच अडवला. बूट काढा, घड्याळ काढा. कोपरापर्यंत हात घासायला लावले. नखांत उभ्या जन्माची माती.

"परत घासा."

"आगं, कातडं निघंल!"

"निघू द्या."

मग पांढरे कपडे, टोपी, तोंडाला फडकं. शेवटी एका खोपटाएवढ्या खोलीत कोंडलं. दोन्हीकडनं धूळ झाडणारा वाऱ्याचा झोत अंगावर आला तसा गडी बोंबलला. आणि आतलं दार उघडलं.

आत नुसती पाण्याची झुळझुळ. मांडणीवर मांडणी, हिरव्यावर हिरवं. तोकुजीनं बोट पुढं केलं, किनुएनं मनगट धरलं. "हात न्हाई लावायचा. श्वास बी लांबनं."

म्हातारा थबकला. तोंडावरचं फडकं त्यानं चाचपून बघितलं. देवापुढं ताट नेताना आपला श्वास लागू नये म्हणून तो दरसाल तोंडाला पांढरा कागद बांधत आलाय.

"देवळात शिरताना बी मला कुणी येवढं घासलं न्हवतं," एवढंच तो म्हणाला आणि बाहेर पडला.

सणादिवशी किनुए झाकणबंद डब्यातनं गड्डा घेऊन आली, पांढऱ्या मुळ्यांसकट. तोकुजीनं ताट पुढं केलं. पुजाऱ्यानं सवयीनं ताटावर पाणी शिंपडायला पळी उचलली. तोकुजीनं ताटावर हात आडवा धरला.

"ह्येच्यावर पाणी न्हाई. ह्ये माझ्यापरीस सोवळं हाय."

मागनं कुणीतरी फिस्सकन हसलं. किनुए वळली. "तुझा मुळा घास आधी, कानामागची माती तशीच हाय त्येच्या."

तोकुजीनं तोंडाला कागद बांधला आणि ओनोदेरांचं ताट स्वतः नेऊन भाताच्या पेंढीशेजारी ठेवलं. पूजा उरकल्यावर प्रसाद वाटायची वेळ आली, तेव्हा त्यानं त्या गड्ड्याचं पान तोडलं आणि सगळ्या गावासमोर, न धुता, कराकरा चावून खाल्लं.